मेमरी कार्डाचं कूळ

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाचा मूळपुरुष म्हणजे कॅसेट. कोडॅकमधले तरुण इंजिनिअर स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचा एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे १९८८ मध्ये फुजीने जर्मनीतल्या फोटोकिना प्रदर्शनात ‘डीएस-१पी’ हा कॅमेरा मांडला. त्यात फोटो थेट कार्डावर जात. पण ते कार्ड स्वतःच्या बॅटरीवर जगायचं. ती संपली की फोटोही गेले.

यातून सुटका केली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या फ्लॅश मेमरीने. १९८४ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली, १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. आजची कार्डं त्याच वंशातली. फ्लॅश मेमरीच्या सूक्ष्म कप्प्यांभोवती विद्युतरोधक थर असतो. त्यातून आत ढकललेले इलेक्ट्रॉन वीज बंद झाली तरी अडकून राहतात. फोटोची नोंद म्हणजे तेच. मात्र लिहिताना-पुसताना त्यांची ये-जा त्याच थरातून होते आणि थर दर खेपेला थोडा झिजतो. कार्ड म्हातारं होतं ते असं.

१९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केलं. त्याच्या कडेची लॉकची पट्टी आतल्या सर्किटला जोडलेलीच नसते. ती कुठे सरकली आहे हे कॅमेऱ्याचा स्लॉट ओळखतो. म्हणून पट्टी तुटून पडली की धडधाकट कार्डही ‘लॉक’ दिसतं.

बॅटरीचंही घराणं बदललं. सॅसन यांच्या कॅमेऱ्यात १६ निकेल-कॅडमियम बॅटऱ्या होत्या. ‘पूर्ण उतरवून मगच चार्ज करा’ हा सल्ला त्या जातीचा. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयनला तो मारक आहे. पूर्ण उतरणं आणि पूर्ण भरून उन्हात पडून राहणं, दोन्हींनी ती लवकर थकते. कॅमेरा काही महिने बंद राहणार असेल तर बॅटरी साधारण निम्मी चार्ज करून, बाहेर काढून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

कॅमेऱ्यावरचा कार्डाचा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नका. चुकून फोटो डिलीट झाला तर पुढचा फोटो काढू नका. बहुतेकदा आधी पुसली जाते ती फक्त कार्डावरच्या फोटोंच्या यादीतली नोंद, त्यामुळे फोटो परत मिळण्याची आशा असते. कार्ड हे फोटो घरी आणण्याचं साधन आहे. घरी आल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवा, उघडून पाहा आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.