सिद्धगड, महाड आणि शार्पव्हिल : स्वातंत्र्याचे दोन लढे

दरवर्षी १ जानेवारीला शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले बौद्ध तरुण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगड येथे हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. मागे एका अभ्यासवर्गात एका तरुणाने आम्हाला विचारले, "सिद्धगडचे हुतात्मे आपले की त्यांचे?" त्या प्रश्नासाठी ही माहिती.

सिद्धगड, १९४३

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे माथेरानच्या नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून या दस्त्याने इंग्रज सरकारला जेरीस आणले. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी सिद्धगडच्या जंगलात दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे शहीद झाले.

महाड, १९२७

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. हल्ला करणारे इंग्रज नव्हते, गावातलेच सवर्ण होते. न्यायालयीन लढा संपायला १९३७ उजाडले.

शार्पव्हिल, १९६०

परकी सत्ता गेली की विषमता आपोआप जात नाही, हे दक्षिण आफ्रिकेने जगाला दाखवले. १९१० पासून तिथे स्थानिक गोऱ्यांचे सरकार होते. १९४८ नंतर त्याच सरकारने वंशभेदाला कायद्याची पक्की चौकट दिली. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला पास लागे. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे या पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ जण ठार झाले. आज २१ मार्च हा दिवस वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन आहे. सर्वांना मताचा अधिकार मिळून निवडणूक झाली ती १९९४ मध्ये. शेजारच्या ऱ्होडेशियात तर १९६५ मध्ये गोऱ्यांनीच ब्रिटनपासून 'स्वातंत्र्य' जाहीर केले. बहुसंख्य काळ्या जनतेचा झिंबाब्वे उभा राहिला १९८० मध्ये.

बाबासाहेबांनी हे नाते आधीच ओळखले होते. अमेरिकेतील काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून त्यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता ही विसंगती लोकशाहीला धोक्यात आणेल, हा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला.

आपल्या तालुक्यांत

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरीही आमच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. उचल फिटेपर्यंत मालक सोडत नाही आणि मुलांची शाळा सुटते. शहापूर तालुक्यातले तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, तर याच तालुक्यातले अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. बोले ठरावाचे महाडमध्ये जे झाले, तेच इथे होते आहे. कायदा आहे, पण तो पाड्यावर पोचत नाही.

म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे : सिद्धगडचे हुतात्मे आपले आहेत आणि महाडचा सत्याग्रह त्यांचाही आहे. येत्या २ जानेवारीला सिद्धगडला जाऊ या. २० मार्चला महाडला अभिवादन करताना २१ मार्चच्या शार्पव्हिलचीही आठवण ठेवू या. आणि दोन्ही दिवशी वीटभट्टीवरच्या उचलीचा आणि पाड्यावरच्या पाण्याचा प्रश्न जाहीरपणे मांडू या.

जय भीम!