भंडाऱ्याच्या नर्सचा इतिहास कुठे शोधाल?

समजा तुम्ही भंडारा जिल्ह्यातल्या मिशनच्या नर्सिंग शिक्षणावर संशोधन करायचं ठरवलंत. आधी नकाशा बघा. मुंबई इलाख्यात नर्सच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, पण भंडाऱ्याला तो लागू नव्हता. जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५६ नंतर तो मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला. म्हणजे जुन्या आकड्यांतला 'भंडारा' आजचा नव्हे.

मग संस्था बघा. आपण सरसकट 'ख्रिश्चन विद्यापीठ' म्हणतो, पण सुरुवात झाली ती दवाखान्यांतून. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं, तिथेच पुढे नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. वेल्लोरला पदवीचा अभ्यासक्रम आला १९४६ साली, आणि पदवी होती मद्रास विद्यापीठाची. तेव्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पदवी एकाच रकान्यात टाकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साधनं. बाळंतपणाचा, रक्ताचा विटाळ मानणाऱ्या समाजात हे काम मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती मुलींनी उचललं. मिशनचे अहवाल मात्र बरेचदा देणगीदारांसाठी लिहिलेले असत. त्यांत डॉक्टरचं नाव सहज सापडतं, नर्स बहुधा नुसत्या आकड्यात. विज्ञानाच्या भाषेत हा सॅम्पलिंग बायस. तो भरून काढायला हजेरीपट, चर्चच्या नोंदवह्या आणि निवृत्त सिस्टरांच्या मुलाखती लागतील. मुलाखती आधी घ्या. कागद थांबतील, वय थांबत नाही.