दिमडीवरचं कातडं

मुक्ताईनगर म्हणजे जुनं एदलाबाद. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, उत्तरेला सातपुड्याचे खडक. कपारीत राहणाऱ्या, सकाळच्या उन्हात अंग तापवणाऱ्या घोरपडीला मानवणारा हा रखरखीत मुलूख.

तिचं कातडंच तिच्या जिवावर उठलं. वाघ्या-मुरळीची दिमडी महाराष्ट्रभर त्यानेच मढवली जाई. पट्टे-पाकिटांसाठी ते परदेशीही गेलं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७५पासून लागू झालेला ‘सायटिस’ करार यांनी शिकार-व्यापाराला बंदी घातली.

तरीही तेलासाठी घोरपड मारली जाते आणि नराचं वाळवलेलं जननेंद्रिय ‘हत्थाजोडी’ नावाची मुळी म्हणून खपवलं जातं. ही निव्वळ फसवणूक आहे, आणि ती शेतातले उंदीर-किडे खाणाऱ्या प्राण्याच्या जिवावर चालते. दिमडीला तर आता फायबरचं पानही चालतं.