व्यापारी शिष्टमंडळाचे फलित : १९०९ सालची एक जपानी यात्रा

२००७ साली मी एका व्यापारी शिष्टमंडळातून जर्मनीला गेलो होतो. कोल्हापुरात तेव्हा माझी चौदा कामगारांची छोटी फौंड्री होती. पंपाच्या भागांची चार कास्टिंग्ज मी बॅगेत घातली. अकरा किलो वजन भरले. पतसंस्थेचे कर्ज काढून पैसे भरले होते. ज्या संस्थेने आम्हाला नेले, तिने ठरवलेल्या बहुतेक भेटी माझ्या धंद्याशी संबंध नसलेल्या लोकांशी होत्या. दोनशे व्हिजिटिंग कार्डे वाटून मी परत आलो. ऑर्डर एकही मिळाली नाही. वडील एवढेच म्हणाले, "जग बघून आलास, झालं."

त्या वाक्याचा सल बरीच वर्षे राहिला. पुढे फौंड्री भावाकडे सोपवून मी व्यापाराच्या इतिहासाच्या वाचनाकडे वळलो. त्या वाचनाच्या मुळाशी हाच प्रश्न होता, की अशा यात्रांतून छोट्या व्यापाऱ्याला नेमके काय मिळते? त्याचे उत्तर शोधता शोधता मी १९०९ सालच्या एका जपानी यात्रेपाशी येऊन थांबलो.

या यात्रेची पार्श्वभूमी कडवट होती. १९०६ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. दोन्ही सरकारांनी समझोता करून वाद कसाबसा मिटवला, तरी मने निवळली नव्हती. अशा वेळी व्यापाऱ्यांच्या संघटना पुढे सरसावल्या. १९०८ मध्ये जपानी चेंबर्सच्या निमंत्रणावरून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी जपानला आले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी जपान्यांना उलट निमंत्रण दिले.

१९ ऑगस्ट १९०९ रोजी सुमारे पन्नास जणांची मंडळी 'मिनेसोटा' जहाजाने योकोहामाहून निघाली. नेतृत्व शिबुसावा एइची यांच्याकडे होते. वय एकोणसत्तर. जपानची पहिली आधुनिक बँक १८७३ मध्ये उभी करणारा हा माणूस १८६७ सालीच पॅरिस पाहून आला होता. १ सप्टेंबरला सिॲटलला उतरल्यावर या मंडळींनी खास आगगाडीने तीन महिने अमेरिका पालथी घातली. पन्नासहून अधिक शहरे झाली. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांची भेट झाली. मेजवान्या, भाषणे आणि कारखाने यांना तर अंतच नव्हता. १७ डिसेंबरला मंडळी योकोहामाला परतली.

आता फलित पाहू. सद्भावना हा हेतू धरला, तर हिशेब तोट्याचा दिसतो. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने जपानी स्थलांतरितांना शेतजमीन विकत घेण्यास बंदी करणारा कायदा केला. १९२४ मध्ये अमेरिकेने जपानी स्थलांतराचे दारच बंद केले. व्यापाऱ्यांची मैत्री मतपेटीपुढे टिकली नाही. शिबुसावा त्यानंतरही दोनदा अमेरिकेला गेले, पण त्यांनाही हे थोपवता आले नाही.

मात्र सगळ्या यात्रेला एकच माप लावणे चूक ठरेल. डब्यातल्या माणसांकडे एकेक करून पाहिले, तर चित्र बदलते.

योकोहामाचे चहाचे व्यापारी ओतानी काहेई या मंडळात होते. त्यांची मोठी फेरी याआधीच झालेली होती. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध करताना अमेरिकेने आयात चहावर पौंडामागे दहा सेंट जकात बसवली. जपानी चहाचे मुख्य गिऱ्हाईक अमेरिका, त्यामुळे धंद्याच्या गळ्यालाच नख लागले. १८९९ मध्ये ओतानी फिलाडेल्फियाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी परिषदेला गेले, ते ही एकच मागणी घेऊन. जकात १९०३ च्या आरंभी उठली. ती एकट्या ओतानींमुळे उठली असे मी म्हणणार नाही. अमेरिकन चहाविक्रेत्यांनाही ती नकोच होती. पण आपले आणि समोरच्याचे दुखणे एकच आहे, हे ओळखून ते गेले होते.

दुसरे इतो मोरिमात्सु, नागोयाचे कापडवाले. वय अवघे एकतीस, पण घराण्याचे दुकान १६११ पासूनचे. जुन्या जपानी दुकानात गिऱ्हाईक पादत्राणे काढून चटईवर बसे आणि नोकर आतून माल आणून उलगडून दाखवी. आपल्याकडच्या गादीवरच्या कापडदुकानाचीच ही रीत. माल कोणता दाखवायचा, हे दुकानदार ठरवी. मार्च १९१० मध्ये इतोंनी नागोयात पाश्चात्त्य धर्तीचे डिपार्टमेंट स्टोअर उघडले. माल मांडलेला आणि गिऱ्हाईक मोकळे. इमारतीचा बेत आधीच ठरलेला होता, पण नव्या दुकानाचा मालक ऐन वेळी अमेरिका डोळ्यांखालून घालून आला होता. आजचे मात्सुझाकाया ते हेच.

तिसरे रेल्वेवाले नेझू काइचिरो. अमेरिकन धनिकांच्या देणग्या पाहून त्यांच्या मनाने घेतले आणि १९२२ मध्ये त्यांच्या पैशातून तोक्योत मुसाशी विद्यालय उभे राहिले. यातले काहीही ऑर्डर-बुकात चढले नसते.

शिबुसावांचा आपल्या मुंबईशीही धागा आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि त्यांना भेटले. मुंबईचा कापूस जपानला नेण्याचे भाडे पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या मुठीत होते. त्याच वर्षी टाटा आणि निप्पॉन युसेन यांनी मिळून मुंबई-कोबे मार्ग सुरू केला. पी अँड ओने टनाचे भाडे सतरा रुपयांवरून दीड रुपयापर्यंत पाडले. टाटांना पुढे माघार घ्यावी लागली. जपानी मार्ग मात्र तगला, कारण आपला कापूस याच जहाजांतून आणण्याचे वचन तिथल्या सूतगिरण्यांनी आधीच दिले होते. भेट दोघांची झाली, पण पाठीशी संघटना एकाच्याच होती. छोट्या व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच.

या सगळ्यातून मला एवढे दिसते, की शिष्टमंडळ एकच असले तरी प्रत्येकाची यात्रा वेगळी असते. जो नेमका प्रश्न घेऊन जातो, त्याला उत्तर मिळण्याची शक्यता असते. जो केवळ नमुने नेतो, त्याला कार्डे मिळतात.

मी नमुनेच नेले होते. पण एका संध्याकाळी, ठरलेल्या कार्यक्रमाबाहेर, माझ्याएवढ्याच एका फौंड्रीचा मालक भेटला. माझे कास्टिंग त्याने हातात फिरवून पाहिले आणि विचारले, "शंभरातले किती बाद होतात?" मला आकडा सांगता आला नाही. मी तो कधी लिहूनच ठेवला नव्हता. परत आल्यावर भट्टीशेजारी एक वही टांगली. पहिल्या महिन्यात शंभरातले सतरा बाद निघाले, दोन वर्षांनी सहा.

वडिलांना ती वही मी कधी दाखवली नाही; दाखवायला हवी होती. भावाच्या फौंड्रीत ती अजून आहे. आता सातवी वही चालू आहे.