इंधननळ्यांचे आटेदार जोड व त्यांची गळतीबंदी

मोटारगाडीच्या टाकीपासून एंजिनापर्यंत इंधन वाहून नेणाऱ्या नळ्या ज्या ठिकाणी मळसूत्री आट्यांच्या साहाय्याने पंप, गाळणी, कार्ब्युरेटर इ. भागांना जोडलेल्या असतात, तेथून द्रव वा बाष्प बाहेर पडू नये आणि बाहेरची हवा आत शिरू नये, यासाठी केलेल्या योजनेस जोडाची गळतीबंदी म्हणतात. आटे कितीही काळजीपूर्वक पाडले, तरी नर व मादी आट्यांच्या माथ्यापाशी आणि बुडाशी एक बारीक सर्पिल पोकळी शिल्लक राहते. पाणी वा जाड वंगण या पोकळीत अडून राहू शकते. परंतु पेट्रोल अतिशय पातळ असल्याने तिच्यातून सहज पाझरते. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा जड असून हवेत त्याचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले, तरी ठिणगीने पेट घेते. त्यामुळे तापलेल्या एंजिनालगतचा एखादा ओलसर जोड ही किरकोळ बाब मानता येत नाही.

नळ्यांचे आटे पेट्रोलसाठी निर्माण झाले नव्हते. ते वाफ, पाणी व दिव्याचा वायू यांच्या व्यवहारातून आले. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंश कोनाचे प्रमाणित आटे सुचविले. अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज यांनी ६० अंश कोनाचे निमुळते आटे प्रचारात आणले व १८८६ मध्ये त्यांना मानकाचे स्थान मिळाले. दोन्ही देशांच्या निमुळत्या नळी-आट्यांचा उतार सोळास एक असाच ठरला. असे आटे आवळत गेले की, ते पाचरीप्रमाणे एकमेकांत रुतून बसतात. तथापि सर्पिल पोकळी पूर्णपणे बुजविण्यासाठी काही ना काही लेप लागतोच. नळकारागीर त्यासाठी जवसाच्या तेलात खललेला सफेदा वा शेंदूर आणि ताग किंवा सूत वापरीत. पाण्याच्या नळाला हा उपाय उत्तम. पण तेलातला लेप वाळण्यापूर्वी पेट्रोल लागले, तर तो धुऊन जातो आणि सुताचे तंतू कार्ब्युरेटरच्या तोटीत अडकतात. मोटारीच्या आरंभकाळातील कारागिरांपुढे खरी अडचण उभी राहिली ती ही.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात मोटारीला विशेष महत्त्व येण्याचे कारण रेल्वेच्या इतिहासात सापडते. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला, तो येडशीवरून. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण त्यापासून अलग राहिले. शहरातून जाणारा रुंदमापी लोहमार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरू झाला. हैदराबाद संस्थानात निझाम स्टेट रेल्वेच्या अखत्यारीत १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बसवाहतूक सुरू झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला व पुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्या येथील दळणवळणाचा कणा बनल्या. सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढून जिल्ह्यात येणारी वाट बालाघाटाच्या पठारावरची, उन्हाळा कडक. अशा रस्त्यावर हादऱ्यांनी जोड सैल होतात आणि उष्णतेने पेट्रोलचे बाष्पीभवन वाढते.

पेट्रोलमध्ये न विरघळणारा असा लेप भारतीय कारागिराच्या हाताशीच होता. तो म्हणजे लाख. पळस, कुसुम व बोर या झाडांवरील कीटकांपासून मिळणारी ही राळ शुद्ध करून तिच्या पातळ पापड्या करतात. त्यांना चपडा म्हणतात. लाखेच्या बांगड्यांचा व्यवसाय हैदराबादेत जुना असल्यामुळे हा पदार्थ संस्थानातील बाजारांना परका नव्हता. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा नर आट्यावर कुंचल्याने लावून जोड आवळला की, स्पिरिट उडून जाते व मागे राहिलेल्या लाखेवर पेट्रोल किंवा खनिज तेल यांचा परिणाम होत नाही. पाश्चात्त्य देशांतही मोटारीच्या कारखान्यांत हीच राळ वापरली जाई आणि तिचा मोठा पुरवठा भारतातून होई. दुसरा, अधिक घरगुती उपाय कपड्याच्या साबणाचा. टाकीला भोक पडले वा जोड पाझरू लागला, तर त्यावर साबणाची वडी घासून मुक्काम गाठायचा, ही युक्ती आजही चालकांना ठाऊक आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, एवढ्या एकाच गुणावर ती उभी आहे. पाऊस लागला की संपली.

यंत्ररचनाकारांनी मात्र वेगळा मार्ग धरला : गळती थोपविण्याचे काम आट्यांकडून काढून धातूच्या बैठकीकडे सोपविले. तांब्याच्या वा पोलादी नळीचे तोंड ४५ अंशांत फुलवून ते शंकूवर दाबणे, नळीवर पितळी कडे चढवून ते आवळणे किंवा पोकळ बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वॉशर घालणे, या त्यांतील प्रमुख पद्धती होत. यांत आट्यांनी केवळ ओढून धरायचे असते. म्हणून तेथे लेप लावणे निरर्थक असते. फुलवलेल्या तोंडावर लेप वा फीत चढवली, तर बैठक बिघडून उलट गळती होते. ही चूक कारखान्यांत नेहमी आढळते.

शेतीतील डिझेल एंजिनांनी हे ज्ञान खेड्यापर्यंत नेले. विहिरीवरच्या एंजिनाचा इंधनपंप व अंतःक्षेपक यांमधील नळी शंकूच्या बैठकीवर बसते; कमी दाबाच्या बाजूस तांब्याचे वॉशर असतात. वापरून कठीण झालेला वॉशर लालभडक तापवून थंड केला की, पुन्हा मऊ होतो. पंपाच्या शोषणाच्या बाजूस जोड सैल असेल, तर डिझेल गळताना दिसतेच असे नाही. आत हवा शिरते व एंजिन बंद पडते. ‘एअर घेतली’ हा कारागिराचा निर्णय याच दोषासंबंधी असतो.

अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये टेफ्लॉनचा शोध लागला. त्याची फीत पुढे नळकामात सर्वत्र रूढ झाली. इंधनाच्या निमुळत्या आट्यांवर ती आट्यांच्या दिशेने व टोकाचे एक-दोन आटे मोकळे सोडून गुंडाळावी लागते. अन्यथा तिच्या चिंध्या गाळणीत व तोटीत जातात. व्हर्नन क्रीबल यांनी १९५० नंतरच्या दशकात विकसित केलेले, हवेचा संपर्क तुटताच धातूंच्या फटीत घट्ट होणारे द्रव या दोषापासून मुक्त आहेत.

इंधनाच्या घटनेतील बदलाने या जुन्या प्रश्नाला नवे वळण दिले. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे झाले. मिश्रणाचे प्रमाण देशात २०२२ मध्ये १० टक्के व २०२५ मध्ये २० टक्के झाले. धाराशिव जिल्हा या बदलाचा केवळ ग्राहक नाही. कळंब तालुक्यातील रांजणीसारख्या ठिकाणी साखर कारखान्यांच्या जोडीने मद्यार्कनिर्मिती होते. चोराखळी येथील कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाचा उपयोग २०२१ च्या साथीत ऑक्सिजन तयार करण्यासाठीही झाला. पण इथेनॉल हा लाखेचा विद्रावकच आहे. चपडा ज्या स्पिरिटात विरघळवून लावायचा, तेच आता नळीतून वाहू लागले. साबणही अल्कोहॉलात टिकत नाही व जुन्या रबरी वॉशरांना फुगवटा येतो. पेट्रोलवरील जुन्या गाड्यांत म्हणूनच लाखेचा लेप खरवडून निमुळत्या आट्यांसाठी अल्कोहॉलास दाद न देणारे द्रव वापरणे आणि बैठकीच्या जोडांत नवे तांब्याचे वॉशर घालणे आवश्यक ठरते. डिझेलवर चालणारे ट्रॅक्टर व विहिरींवरील एंजिने यांना ही अडचण नाही. त्यांच्या आट्यांवर चपडा पूर्वीसारखाच काम देतो.