उज्जयिनीतील एक फसलेला तपास

उज्जैनला गेलेला मराठी माणूस महाकालाचे दर्शन घेतो, क्षिप्रेवर स्नान करतो, सवड असल्यास जयसिंहाची वेधशाळा पाहतो आणि परततो. पुष्पकरंडक नावाचे जुने उद्यान कोठे होते, असे तो विचारीत नाही आणि विचारले तरी ते दाखविणारा कोणी भेटणार नाही. त्या उद्यानात एका स्त्रीचा गळा दाबला गेला. त्याच दिवशी गावातला एक गरीब भिक्षू तेथे आपले ओले वस्त्र वाळविण्यास जागा शोधीत होता. आजचे भाषण त्या दोघांविषयी आणि त्यांच्यापायी सुळावर जाऊ घातलेल्या एका तिसऱ्या माणसाविषयी आहे.

हा खटला दप्तरातला नसून नाटकातला आहे, हे आधीच सांगितलेले बरे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ देवलांनी मराठीत आणले, बालगंधर्वांची वसंतसेना महाराष्ट्राने डोळे भरून पाहिली. पण पदांच्या गोडीत नवव्या अंकातील न्यायसभेकडे आपले थोडे दुर्लक्षच झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो अंक सोन्याच्या मोलाचा आहे. त्यातील पालक राजा निव्वळ कल्पनेतला नव्हे. प्रद्योतानंतर अवंतीच्या गादीवर आलेला पालक पुराणांना ठाऊक आहे आणि जैन परंपरेलाही. न्यायाधीशाच्या शेजारी एक श्रेष्ठी व एक कायस्थ बसतात, तीही कवीची लहर नव्हे. बंगालात दामोदरपूर येथे सापडलेल्या गुप्तकालीन ताम्रपटांत, म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकांत, अधिकरणाच्या कारभारात नगरश्रेष्ठी आणि प्रथम कायस्थ असेच बसलेले दिसतात. तेव्हा नाटक कल्पित असले, तरी कचेरी खरी आहे.

फिर्यादी आहे राजाचा मेहुणा शकार. आज तुझे काम चालणार नाही, असा निरोप न्यायाधीश प्रथम पाठवितो. राजाला सांगून तुला काढून टाकवितो, अशी धमकी येताच तो निरोप परत घेतो. येथेच खटल्याला पहिली कीड लागली. शकार सांगतो की, बागेत वसंतसेनेचे प्रेत पाहिले, कोणीतरी पैशासाठी गळा दाबून तिला मारले. आणि बोलता बोलता, ते आपण केलेले नाही, असे न विचारताच म्हणून जातो. न्यायाधीश चाणाक्ष आहे. ते शब्द तो ताबडतोब लिहून घ्यावयास लावतो. शकार पाय फिरवून ती अक्षरे पुसतो, आणि आश्चर्य असे की, पुसलेले पुन्हा कोणी लिहीत नाही! गळा दाबल्याचे तुला कसे कळले, हा अगदी नेमका प्रश्नही विचारला जातो; गळा सुजलेला व दागिन्यांची जागा मोकळी होती, या उत्तरावर तो सोडूनही दिला जातो.

यानंतरचा पुरावा नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यात खोटे फार थोडे आहे. वसंतसेनेची आई सांगते, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. खरे. वीरक नावाचा रक्षकांचा नायक आपल्याला लाथ मारल्याची तक्रार घेऊन येतो आणि ओघात सांगतो की, चारुदत्ताची झाकलेली गाडी वसंतसेनेला घेऊन पुष्पकरंडकाकडे चालली होती. वीरक प्रामाणिक आहे. पण त्याने गाडीत डोकावून पाहिलेलेच नाही! पाहिले होते त्याचा जोडीदार चंदनक याने. आत होता तुरुंगातून पळालेला आर्यक. त्याला वाचविण्यासाठी चंदनकाने वसंतसेनेचे नाव पुढे केले, आणि वीरक स्वतः पाहू लागला म्हणून तर ती लाथ बसली. वसंतसेना चुकून शकाराच्याच गाडीत चढली होती. आपल्याकडे 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहणाऱ्याचीच असावी असे ठरविले, आणि 2024 मध्ये त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तोच नियम ठेवला. तू स्वतः पाहिलेस काय, एवढा एकच प्रश्न वीरकाला विचारला असता, तर गाडीचा सारा पुरावा तेथेच गळून पडला असता.

न्यायाधीश त्याऐवजी वीरकालाच घोड्यावर बसवून बागेत पाठवितो. फिर्याद घेऊन आलेला माणूसच तपासनीस! तो परत येऊन सांगतो की, श्वापदांनी फाडलेले एका स्त्रीचे प्रेत आहे. केस आणि हातपाय यांवरून स्त्री ओळखली. हेही खरेच. पण ती स्त्री दुसरीच कोणी होती; वाटेत झाड अंगावर पडून ती मेली, हे आठव्या अंकात विटाने पाहिले आहे. अकस्मात मेलेल्याचे प्रेत कसे तपासावे, यावर कौटिल्याने आपल्या ‘अर्थशास्त्रा’त स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. प्रेताला तेल लावून पाहावे, गळ्यावर वळ आहे काय, डोळे उघडे आहेत काय, हातपाय सुजले आहेत काय, असे बारकावे त्यात आहेत. म्हणजे शास्त्र होते. प्रेत पाहावयास कोणी जाणता माणूस मात्र गेला नाही. शेवटी मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने सभेतच खाली पडले आणि चारुदत्ताने ते तिचेच असल्याचे कबूल केले. न्यायाधीशाने ब्राह्मण म्हणून हद्दपारी सुचविली. पालकाने देहान्त फर्माविला.

आता त्या भिक्षूकडे वळू. हा पूर्वाश्रमीचा संवाहक, म्हणजे अंग रगडणारा. पाटलिपुत्रातून उज्जयिनीस आला, चारुदत्ताच्या पदरी राहिला, त्याची संपत्ती गेल्यावर जुगारी झाला. दहा सुवर्णांच्या देण्यापायी मार खात असता वसंतसेनेने ते देणे फेडले, आणि शरमून त्याने काषाय वस्त्र धारण केले. उज्जैनजवळ वैश्या टेकडीचा मोठा विटांचा स्तूप आजही आहे. तेव्हा या गावात भिक्षू दिसणे नवलाचे नव्हते. वस्त्र वाळविण्यासाठी त्याने पाचोळ्याचा ढीग निवडला, तो ढीग हलला आणि एक हात बाहेर आला. भिक्षू पळाला नाही. हा हात आपण पूर्वी पाहिला आहे, ज्या हाताने आपल्याला अभय दिले तोच हा, असे त्याने ओळखले. ओल्या वस्त्राचे पाणी त्याने तिच्या मुखावर पिळले, पदराने वारा घातला. स्त्रीला स्पर्श करावयाचा नाही, म्हणून जवळची वेल वाकवून दिली आणि तिच्या आधारे तिला उठविले. मग जवळच्या विहारात आपल्या धर्मभगिनीकडे नेले.

साऱ्या खटल्यात हल्ला झालेल्या बाईकडे डोळे उघडून पाहिले ते याच माणसाने. त्याला ना अधिकार, ना घोडा. त्याच्याजवळ एक जुनी ओळख होती, आणि जे पाहिले त्याच्याजवळ थांबण्याची तयारी होती. तरी एक उणे राहिलेच: विहारात ती सावरत असता न्यायसभेला खबर देण्याचे त्याला सुचले नाही. सुचावे तरी कसे? सभेत आपल्याच जुन्या धन्याचा जीव टांगणीला लागला आहे, हे त्याला कोणी सांगितले होते!

शकाराचा दास स्थावरक याला सारे ठाऊक होते, म्हणून तर त्याला वाड्यावर साखळदंडाने जखडले होते. दवंडी ऐकून त्याने वरून उडी टाकली आणि भर रस्त्यात खरे सांगितले. तो चोर आहे, म्हणूनच त्याला मारले होते, असे शकार म्हणाला, आणि त्या गर्दीत राजाच्या मेहुण्यापुढे दासाचा शब्द टिकला नाही. वसंतसेना स्वतः धावत आली तेव्हाच वध थांबला.

आर्यक पालकाला मारून गादीवर आला. शकाराला चारुदत्ताने सोडून दिले, स्थावरक दास्यातून मुक्त झाला, भिक्षूला साऱ्या विहारांचा मुख्य नेमले. आणि गाडीत वसंतसेना आहे असे खोटे सांगणारा चंदनक राज्याच्या रक्षकदलाचा प्रमुख झाला.