टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती

लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, हे आमच्या सुलतानपुरात शाळकरी पोरही सांगेल. पण १८९७ साली त्यांना जामीन कोणी दिला, असे विचारले तर थोरही गप्प होतात. ते होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

१८४४ साली सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्रजी शिक्षण निषिद्ध मानले जात होते, त्या काळात वडील मुल्ला तय्यबअलींनी मुलाला विलायतेला धाडले. १८६७ मध्ये बद्रुद्दीन मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर होऊन परतले. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद यांचा विरोध त्यांनी सभ्यपणे ऐकला, पण आपली वाट सोडली नाही. १८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे पहिले मुस्लिम न्यायमूर्ती झाले.

दोन वर्षांनी टिळकांना अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टातही न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांच्यापुढे अर्ज फेटाळला गेला. खटला सेशन्सकडे गेल्यावर बॅरिस्टर दावर पुन्हा अर्ज घेऊन तय्यबजींपुढे उभे राहिले. संमतिवयाच्या कायद्यावर टिळक आणि तय्यबजी यांची मते परस्परविरुद्ध होती. तरीही त्यांनी पाहिले ते एवढेच, की आरोपी खटल्याला हजर राहील ना? आणि उद्या तो निर्दोष ठरला, तर आधीच भोगलेल्या कैदेचे काय? ४ ऑगस्टला जामीन मंजूर झाला. पुढे टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, पण त्याने हा हुकूम चुकीचा ठरत नाही.

नियतीचा खेळ पाहा. १९०८ मध्ये तेच दावर न्यायासनावर होते. टिळकांसाठी जिनांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. तय्यबजी १९०६ मध्येच लंडनला अल्लाहला प्यारे झाले होते.

तेव्हा आमचा वऱ्हाड मुंबई हायकोर्टाखाली नव्हता. इथला न्याय ज्युडिशियल कमिशनरच्या हाती होता. तरी हा वारसा आम्ही आमचा मानतो. निकालाआधी वर्षानुवर्षे तुरुंगात सडणारी माणसे आजही आहेत. त्यांत आपली पोरेही आहेत, इतरांचीही आहेत. तय्यबजींचा प्रश्न त्या सगळ्यांसाठी आहे. मुलांना टिळकांचा खटला सांगताना हा जामीनही सांगू या.